भाचीच्या नव्या लॅपटॉपला अँटिव्हायरस निवडताना

भाचीचा लॅपटॉप घ्यायला आम्ही दोघी नागपुरात बर्डीवर गेलो होतो. बिल करता करताच दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, अँटिव्हायरस टाकून देऊ का? तीन वर्षांचा सोळाशेत करून देतो. नाही टाकला तं सहा महिन्यांत फॉरमॅट माराले याच लागते." भाची माझ्याकडे पाहत राहिली. मी त्याला म्हटलं, आज नको, आधी घरी जाऊन आत काय आहे ते पाहतो.

सोळाशे वाचवायचे म्हणून नाही. २०१९ च्या पावसाळ्यात माझ्या कामाच्या कॉम्प्युटरवर पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस होता, त्याची मुदतही शिल्लक होती, आणि तरी सगळा डेटा गेला. महालातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी जीएसटीची आणि हिशेबाची कामं करते. गिऱ्हाइकं बहुतेक इतवारी आणि गांधीबागेतली. त्या दिवशी नऊ दुकानांची टॅलीची, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली, पुस्तकं उघडेनाशी झाली. कसं झालं ते सांगते, कारण अँटिव्हायरस निवडायचा कसा हे मला त्यातूनच कळलं.

हाताखालच्या मुलाला पीडीएफ एडिटर हवा होता. विकतचा महाग म्हणून त्याने क्रॅक, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेली चोरटी प्रत, शोधला. त्या क्रॅकसोबत एक सूचना होती: इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. अर्ध्या तासात प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं चिकटली आणि फोल्डराफोल्डरात एक चिठ्ठी आली: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केला तर ४९०. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, त्या काळात क्रॅक सॉफ्टवेअरमधूनच पसरत होतं. बॅकअपची डिस्क मी कायम कॉम्प्युटरला लावूनच ठेवत असे, त्यामुळे तीही गेली. पैसे आम्ही दिले नाहीत. मार्चअखेरीला एका पेन ड्राइव्हवर घेतलेली प्रत कपाटात सापडली. एप्रिलपासूनची बिलं दुकानादुकानातून पुन्हा मागून आणली आणि महिनाभर रात्री बसून मी आणि त्या मुलाने ती परत चढवली. त्याला मी दोष देत नाही. बंद करायचं बटण त्याच्या हाताशी मीच ठेवलं होतं.

म्हणून 'कोणता अँटिव्हायरस चांगला' हा माझा पहिला प्रश्न नसतो. त्या लॅपटॉपवर कोण बसणार, काय काय उतरवून घेणार, आणि रक्षण बंद करायची ताकद कोणाकडे असणार, हे मी आधी विचारते. बाकीचं सगळं या उत्तरांवर ठरतं.

आत आधीच काय आहे ते पाहा

विंडोजच्या प्रत्येक नव्या लॅपटॉपात मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर असतोच. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटिव्हायरस म्हणून सोबत मिळतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत, त्याची मुदत संपत नाही, आणि तो विंडोजच्या अपडेटसोबत ताजा होत राहतो.

पण बऱ्याच नव्या लॅपटॉपांत आणखी एक अँटिव्हायरस आधीच भरून येतो. लॅपटॉपच्या कंपनीने तो चाखायला दिलेला असतो, कधी ३० दिवसांसाठी, कधी वर्षासाठी. तो चालू असेपर्यंत डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. ही रीत बरोबरच आहे. दोन पूर्ण अँटिव्हायरस एकाच वेळी चालवायचे नसतात. दोघंही प्रत्येक फाइल तपासायला धावतात, एकमेकांच्याच फाइलींवर संशय घेतात आणि लॅपटॉप रांगायला लागतो. अडचण येते ती मुदत संपल्यावर, आणि विकत घ्या म्हणून घाबरवणं तर त्याआधीच सुरू होतं. लॅपटॉप घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी भाचीचा फोन आला, "मावशी, लाल पट्टी येऊन राहिली, लॅपटॉप धोक्यात आहे म्हणते." धोका काहीच नव्हता. चाखायला दिलेल्या अँटिव्हायरसची ती जाहिरात होती.

तर पहिल्या संध्याकाळी हे करा. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा, ढालीचं चित्र असलेलं ॲप उघडेल. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी प्रोव्हायडर्स' म्हणून भाग आहे, तिथे 'मॅनेज प्रोव्हायडर्स' दाबा. सध्या पहारा कोणाचा आहे ते तिथे नावासकट लिहिलेलं असतं. चाखायचाच अँटिव्हायरस तुम्हाला पुढे विकत घ्यायचा नसेल, तर मुदत संपायची वाट न पाहता तो आजच काढा. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, तिथून अनइन्स्टॉल. मग लॅपटॉप रीस्टार्ट करा. काही अँटिव्हायरस मागे तुकडे सोडून जातात. त्यांच्याच कंपनीच्या साइटवर ते पुसायचं छोटं टूल मिळतं. शेवटी पुन्हा त्याच जागी जाऊन पहारा डिफेंडरकडे आल्याची खात्री करा. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात, आणि डिफेंडर आपण होऊन चालू झाला नसेल तर लॅपटॉप कोणाच्याच पहाऱ्याशिवाय राहतो.

लाल पट्टीचा आणखी एक प्रकार असतो. उजव्या कोपऱ्यात खाली 'तुमच्या अँटिव्हायरसची मुदत संपली' असं येतं आणि त्या नावाचा अँटिव्हायरस तुमच्याकडे मुळात नसतोच. कधी तरी एखाद्या साइटवर 'अलाउ' दाबलेलं असतं, तिच्या त्या सूचना. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. ती पट्टी दाबून कार्डाचा नंबर कधीही देऊ नका.

जुना लॅपटॉप घेत असाल तर एक गोष्ट आधी पाहा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. स्वस्तात मिळतो म्हणून सातव्या पिढीचा घेतला आणि त्यावर महागडा अँटिव्हायरस चढवला, तरी खाली विंडोजमधली भोकं बुजत नाहीत. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं, तेव्हा ज्या भोकातून ते शिरलं त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, १४ मार्चला दिलेली होती. ज्यांनी अपडेट पुढे ढकललं, ते सापडले.

पैसे देण्याआधी

यात सगळ्यात मोठी गोष्ट खात्यांची. नवा लॅपटॉप सुरू करताना जे पहिलं खातं बनतं ते ॲडमिनिस्ट्रेटर असतं, म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. रोजच्या कामाला हे खातं वापरू नका. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स इथे दुसरं खातं काढा आणि त्याचा प्रकार 'स्टँडर्ड' ठेवा. रोज त्यावर बसा. काही इन्स्टॉल करायचं झालं की विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागेल. भाचीच्या लॅपटॉपचा तो पासवर्ड तिच्याच वहीत आहे, मी काही तिच्यावर पहारा ठेवत नाही. पण पासवर्ड टाइप करायला जे दहा सेकंद थांबावं लागतं, त्यात माणूस विचार करतो. आणि पासवर्ड नसलेल्या माणसाला डिफेंडर बंद करताच येत नाही. माझ्या त्या मुलाकडे २०१९ साली स्टँडर्ड खातं असतं तर नऊ पुस्तकं वाचली असती.

विंडोज सिक्युरिटीच्या 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' भागात 'टँपर प्रोटेक्शन' चालू आहे का तेही पाहा. व्हायरसने चोरून डिफेंडरच्या सेटिंग्ज बदलू नयेत यासाठी ते असतं. पण ॲडमिनच्या खात्यावर बसलेल्या माणसाला ते अडवत नाही, हे लक्षात ठेवा.

त्याच भागात खाली 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' आहे आणि त्यात 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाचं बटण. ते सहसा बंद असतं, आपण चालू करावं लागतं. मग अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत लिहिता येत नाही. तुमचा डेटा डी ड्राइव्हवर असेल, माझा आहे, तर ते फोल्डर यादीत आपण घालायचं. सुरुवातीचे चार दिवस हे थोडं त्रास देतं. तुमचाच एखादा प्रोग्राम अडतो, मग 'अलाउ ॲन ॲप' मधून त्याला परवानगी द्यायची. कंटाळून बंद करू नका, चार दिवसांनी बसतं.

संशयास्पद ॲप आणि साइट अडवणाऱ्या 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन' मधले सगळे पर्याय चालू ठेवा. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मधून फाइल नेम एक्स्टेन्शन्स, म्हणजे नावाचं शेपूट, दिसतील असं करा. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' अशी फाइल आली तर शेवटचा ईएक्सई, म्हणजे हा प्रोग्राम आहे ही खूण, दिसला पाहिजे, नाहीतर ती पीडीएफच वाटते. आणि नव्या लॅपटॉपात डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते. चोरी झाली तर हे फार कामाचं, पण तिची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ती कागदावर उतरवून ठेवा. दुरुस्तीहून परत आलेला लॅपटॉप कधी कधी तीच मागतो.

पेन ड्राइव्हचं आपल्याकडे वेगळं सांगावं लागतं. कॉलेजची पोरं झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावतात आणि घरी आणतात. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले की समजा सोबत पाहुणा आला. उघडण्याआधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा. त्याहून चांगलं म्हणजे प्रिंटची फाइल दुकानाच्या मेलवर पाठवा आणि पेन ड्राइव्ह घरीच ठेवा.

मग विकत घ्यायचा कोणी

हे सगळं केल्यावर भाचीला विकतचा लागत नाही असं माझं मत झालं. ती एकटी वापरते, अपडेट वेळेवर करते, क्रॅक घेत नाही, तिला लागणारं बहुतेक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था घरगुती अँटिव्हायरस तपासते. रक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६, असे १८ पैकी गुण देते. तिच्या चाचण्यांत डिफेंडर गेली काही वर्षं वरच्या रांगेत आहे. दहा वर्षांपूर्वी त्याची परिस्थिती अशी नव्हती, म्हणून जुन्या माणसांचा अजून त्याच्यावर विश्वास बसत नाही.

माझ्या कामाच्या दोन कॉम्प्युटरांवर मात्र मी विकतचा ठेवते. तिथे गिऱ्हाइकांच्या ईमेलमधून रोज पंचवीस फाइली येतात, तीन जणांचे हात लागतात, आणि मला सेटिंग्जवर वेगळा पासवर्ड लावायची सोय हवी होती. शिवाय डिफेंडरसोबतचं स्मार्टस्क्रीन खोट्या साइट अडवतं ते मुख्यतः एज ब्राउझरात. क्रोमला गूगलचं स्वतःचं रक्षण असतं. विकतचे बरेच अँटिव्हायरस सगळ्या ब्राउझरांत एकसारखा पहारा देतात. घरात म्हातारं माणूस असेल, जे येईल ते दाबतं, आणि अडलं तर फोनवर हिंदी-मराठीत समजावणारं कोणी हवं असेल, तर त्यासाठीही पैसे द्यायला हरकत नाही.

घ्यायचाच असेल तर दुकानदाराला विचारण्याआधी एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ज, या दोघांचे ताजे निकाल पाहा. एकाच महिन्याचा निकाल पाहू नका, वर्षभरातले तीन-चार लावून पाहा. व्हायरस पकडण्याचा आकडा वरच्या सगळ्यांचा जवळपास सारखा असतो. मी पाहते ते खोट्या अलार्मांचं. त्याचं कारण माझ्याकडे आहे. मागे एकदा २० तारखेला, थ्रीबी हे जीएसटीचं रिटर्न भरायच्या शेवटच्या संध्याकाळी, एका अँटिव्हायरसने एमसाइनर या डिजिटल सही करायच्या प्रोग्रामलाच अडवलं. डिजिटल सहीचं टोकन लागलेलं, पण पोर्टलला दिसेना. कारण सापडेपर्यंत रात्रीचे साडेनऊ झाले. चाखायच्या ३० दिवसांचा खरा उपयोग इथे आहे: तुमचं रोजचं काम, टॅली, टोकन, प्रिंटर, बँकेची साइट, सगळं त्या अँटिव्हायरससोबत एकदा चालवून पाहा, आणि तेही महिन्याच्या शांत दिवसांत, ११ किंवा २० या रिटर्नच्या शेवटच्या तारखांना नाही.

क्विक हीलचं नाव आपल्याकडे निघतंच. रहिमतपूरच्या कैलाश काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि भाऊ संजय काटकरांसोबत ही कंपनी उभी केली, २०१६ साली ती शेअर बाजारात आली. मराठी माणूस म्हणून मला त्याचा अभिमान आहे. तरी त्यालाही त्याच चाचण्या आणि तेच ३० दिवस लावा. चेन्नईचा के७ आणि मुंबईचा ईस्कॅन हेही आपल्याकडचेच, त्यांनाही तोच न्याय.

फुकट मिळणाऱ्या बाहेरच्या अँटिव्हायरसांबद्दल मी सावध असते. २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या अव्हास्ट कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, कारण लोक कोणत्या साइटवर जातात ती माहिती विकली गेली होती. डिफेंडर आधीच फुकट असताना दुसरा फुकटचा घेण्याचं कारण मला सापडत नाही.

खोक्यावर लिहिलेल्या बाकीच्या गोष्टींना भुलू नका. रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. पहिल्या वर्षाची किंमत पाहून ठरवू नका, दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणाची किंमत शोधा. बऱ्याचदा ती दुप्पट निघते. कार्डाने घेतलात तर ऑटो-रिन्यूअल त्याच दिवशी बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कापण्याच्या २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं, तर तो मेसेज वाचत जा. व्हॉट्सॲपवर दोनशे रुपयांत मिळणारी लायसन्स की घेऊ नका. ती अनेकांना विकलेली असते आणि कधीही बंद पडते.

चालतो का ते तपासा

यासाठी खरा व्हायरस लागत नाही. आयकार नावाच्या संस्थेची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल आहे. तिच्यात काहीही घातक नाही, पण अँटिव्हायरसने तिला व्हायरस समजून पकडायचं असं कंपन्यांनी आपसात ठरवलेलं आहे. संस्थेच्या साइटवरून ती उतरवा. उतरण्याआधीच अडवली गेली तर पहारा जागा आहे. निवांत डेस्कटॉपवर येऊन बसली तर सगळं वरपासून पुन्हा पाहा. भाचीला मी हे तिच्या हाताने करायला लावलं.

पूर्ण स्कॅन महिन्यातून एकदा पुरतो, पण आपल्या मे महिन्यात तो दुपारी लावू नका. ४५ अंशांत लॅपटॉपचा पंखा आधीच ओरडत असतो. सकाळी सहाला लावा आणि उशी-गादीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा.

फोनवरून येणारं संकट कोणताही अँटिव्हायरस थांबवत नाही. 'बँकेतून बोलतोय, एनीडेस्क टाका' असं कोणी म्हटलं आणि दुसऱ्याच्या हाती कॉम्प्युटर देणारं ते ॲप आपणच टाकलं, तर अँटिव्हायरसच्या हिशेबी ते तुमच्या मर्जीचं काम असतं. पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार करा. जितकं लवकर कराल तितकी रक्कम वाटेतच गोठवता येण्याची शक्यता जास्त. लॅपटॉपात काही शिरल्याचा संशय असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर सफाईची टूल्स फुकट मिळतात. आणि फाइलींना कुलूप लागलंच तर पैसे देण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर त्या कुलपाची किल्ली निघाली आहे का ते पाहा. युरोपोल आणि डच पोलिसांनी मिळून २०१६ मध्ये ती सुरू केली.

अँटिव्हायरसचे जे सोळाशे आम्ही दुकानात दिले नाहीत, त्यांत थोडी भर घालून आठवड्याने भाचीला बाहेरची डिस्क घेऊन दिली. दर रविवारी सकाळी ती डिस्क लावते, डॉक्युमेंट्स आणि प्रोजेक्टचं फोल्डर उतरवते आणि डिस्क काढून आईच्या कपाटात ठेवते. काढून ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, लावलेली डिस्क लॅपटॉपसोबतच जाते. माझ्याकडे आता दोन डिस्क आहेत, एक महालात आणि एक बहिणीकडे प्रतापनगरला. महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवायला जाते तेव्हा त्या अदलाबदल होतात.